अठराव्या ग्रीनवरचं होल

गोल्फच्या एका क्वालिफाइंग स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, त्या शुक्रवारी, अठराव्या ग्रीनवरचं (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) होल मी माझ्या हाताने कापलं होतं, म्हणून लिहितोय. स्पर्धा संपून बरेच दिवस झाले पण डोक्यातून जात नाहीये. कुठली टूर, कुठला कोर्स, कोण रेफ्री हे लिहिणार नाही, विचारू पण नका.

मी गोल्फ कोर्सवर असिस्टंट सुपरिटेंडंट आहे, राहुरीला बीएस्सी ॲग्री करून गवतात आलेला माणूस. गोल्फ म्हटलं की लोकांना टीव्हीवरची मोठी स्पर्धा आणि कोटींची बक्षिसं दिसतात, पण त्याच्या खाली जे जग आहे ते मी जवळून बघतो. अमेरिकेत पीजीए टूरच्या खाली कॉर्न फेरी टूर आहे, तिथून वर्षाला ३० जणांना वरचं कार्ड, म्हणजे वरच्या टूरवर खेळायचा हक्क, मिळायचा, २०२५ पासून २०च. युरोपात डीपी वर्ल्ड टूरच्या खाली चॅलेंज टूर, तिचं नाव आता हॉटेलप्लॅनर टूर झालंय. आपल्याकडे २००६ पासून पीजीटीआय ही व्यावसायिक टूर आहे, आणि तिच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षाच्या क्रमवारीत, जो पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड. २०२३ ला महूचा ओम प्रकाश चौहान असाच गेला, २०२४ ला वीर अहलावत. पहिला म्हणजे पहिलाच, वर्षभर घासून एक माणूस. आणि ही शिडी चढायची तर आधी तिच्या पहिल्या पायरीवर उभं राहायला मिळालं पाहिजे, त्यासाठी क्वालिफाइंग. चार दिवस, ७२ होल, एक रेष, रेषेच्या वर असाल तर कार्ड आणि खाली असाल तर पुढचं वर्ष एंट्री मिळते का बघत फिरायचं. प्रवास, हॉटेल, जेवण सगळं स्वतःच्या खिशातून.

आता होलबद्दल सांगतो, कारण लोकांना वाटतं ते कायम तिथेच असतं. ते रोज बदलतं. आदल्या संध्याकाळी रेफ्री प्रत्येक ग्रीनवर फिरून रंगाचा एक डॉट मारतो, सहा सोप्या जागा, सहा मधल्या, सहा अवघड, डावी-उजवी, पुढची-मागची यांचा तोल राखून. होलच्या भोवती दोन-तीन फूट उतार एकसारखा पाहिजे, कडेपासून निदान चार पावलं आत. पहाटे माळी बांबूच्या लांब काठीने दव झाडतात, मग दोनदा कटिंग, मग रोलर, आणि त्यानंतर आम्ही होल कटर घेऊन डॉटवर. कटर सरळ उभा धरून पिळत पिळत खाली न्यायचा, जरा तिरका गेला की होलची एक कड उचललेली राहते आणि अर्धे पुट (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळत मारायचे शॉट) ओठावरून फिरून बाहेर. होल सव्वाचार इंच रुंद, आतला कप पृष्ठभागापासून किमान इंचभर खाली, कडेचं गवत कात्रीने. निघालेला प्लग, म्हणजे गवत-मातीचा गोळा, कालच्या होलमध्ये, पायाने दाबून, सुरीने कडा विंचरून, वर पाणी. प्लग दोन मिलिमीटर जरी वर राहिला तर दुसऱ्या दिवशी मशीन त्याचं डोकं सोलून टाकतं आणि पिवळा ठिपका महिनाभर आपल्याकडे बघत राहतो. हे काम मी माळ्यांना शिकवलंय आणि आमच्याकडे ते चांगलं होतं, मला त्याचा अभिमान आहे.

अठरावं ग्रीन उंचावर आहे, आजूबाजूला झाड नाही, मागे डावीकडे एक छोटी सपाटी आणि तिच्या पुढे खाली उतार. शेवटच्या दिवसासाठी रेफ्रीने ती सपाटी राखून ठेवली होती. दुसरा पर्यायही फारसा नव्हता, कारण पुढच्या भागात बुरशीचा डाग होता आणि आधीच्या तीन दिवसांचे प्लग अजून बसले नव्हते. आदल्या रविवारपर्यंत मेंबर तिथे खेळत होते. आपल्याकडे अशा स्पर्धा बहुतेक मंगळवार ते शुक्रवार होतात कारण शनिवार-रविवार मेंबरांचा, आणि कोर्स आठवडाभर बंद ठेवा म्हटलं की कमिटीतल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. वरच्या टूरची स्पर्धा असती तर हाच कोर्स आनंदाने बंद झाला असता, बाहेरून ॲग्रॉनॉमिस्ट आला असता, प्रत्येक ग्रीनला माणूस मिळाला असता. इथे अठरा ग्रीनना आम्ही मूठभर लोक. ज्यांचं अख्खं वर्ष यावर ठरतं त्यांना तयारी सगळ्यात कमी, हे मला आजवर पटलेलं नाही.

ग्रीन किती पळतंय ते स्टिंपमीटरने मोजतात, तो म्हणजे खाच असलेली ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावरून बॉल सोडायचा आणि तो किती फूट जातो ते मोजायचं, दोन्ही दिशांना, मग सरासरी. सकाळी अठराव्यावर साडेदहा फूट आलं. साडेदहा फुटांना ती सपाटी अवघड आहे पण न्याय्य आहे, हे मी आजही कुणासमोरही सांगेन. सकाळचे ग्रुप आले, चांगला शॉट थांबत होता, वाईट खाली जात होता, बरोबर चाललं होतं.

साडेबाराला कोरडा वारा सुटला. उन्हाळ्यात दुपारी गवत वाढतं म्हणून ग्रीन थोडं मंदावतं, जानेवारीत आमच्या बर्म्युडा गवताला वाढच नसते, त्यामुळे ओल गेली की ग्रीन नुसतं पळायला लागतं. खेळ चालू असताना अठराव्यावर मोजता येत नाही म्हणून मी प्रॅक्टिस ग्रीनवर मोजलं, साडेअकरा फुटांच्या वर. तेवढ्यात डोळ्यांसमोर तीन चांगले शॉट सपाटीवरून घरंगळत खाली गेले. मी पाइप जोडून ग्रीनमागे उभा राहिलो आणि रेडिओवर रेफ्रीला विचारलं की दोन ग्रुपच्या मधे पाण्याचा हलका फवारा मारू का, मिनिटभराचं काम आहे. तो म्हणाला नाही, अर्धे लोक खेळून गेलेत, मधेच कंडिशन बदलायची नाही, आहे ती सगळ्यांना सारखी. माणूस अनुभवी आहे, उगाच नाही म्हणणारा नाही. पण साहेब, कंडिशन बदललीच होती ना, वाऱ्याने बदलली, मी फक्त ती सकाळच्या जवळ आणायला मागत होतो.

मग तो मुलगा आला. कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलायचं, काम करत वाढलेला, बॅग धाकट्या भावाच्या खांद्यावर. अठरावं होल चार शॉटमध्ये संपवलं की कार्ड. सेकंड शॉट मी त्या दिवशी पाहिलेल्यांतला सगळ्यात सुंदर, पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या काठीच्या) दोन पावलं पलीकडे पडला, थांबला, आणि मग हळूहळू वळून पिनच्या शेजारून सपाटी सोडून खाली, दहा-बारा मीटर. पहिला पुट वर गेला, टेकला असं वाटलं आणि परत त्याच्या पायाशी आला. शेवटी पाच शॉट. आता तिघांची बरोबरी, एका कार्डासाठी तिघांचा प्लेऑफ, त्याच अठराव्यावर, आणि बाकीचे दोघे सकाळी खेळून क्लबहाऊसमध्ये बसलेले.

प्लेऑफच्या आधी रेफ्री स्वतः माझ्याकडे आला आणि म्हणाला आता पाणी मार, ही नवी सुरुवात आहे. नियमाने तो बरोबरच होता. मी मारलं, जितकं सकाळच्या जवळ नेता येईल तितकं नेलं. टीवर, जिथून पहिला शॉट मारतात, त्याने तिघांनाही सांगितलं की ग्रीनवर पाणी मारलंय, मुलाने मान हलवली. सकाळच्या दोघांनी त्यांना माहीत होतं तसं थेट पिनवर मारलं आणि दोघांचे बॉल थांबले. त्या मुलाने ग्रीनच्या पुढच्या भागात सुरक्षित मारला. तासाभरापूर्वी जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवून मारला, दुसरं काय करणार. त्याचा लांब पुट चढावर ओलीत अडकून कमी पडला, पुढचा होलमध्ये गेला, चार झाले. दोघांपैकी एकाने बर्डी केली, म्हणजे तीनातच संपवलं. संपलं.

आमचे सुपरिटेंडंट म्हणतात सांगितलं होतं ना त्याला, मग विषय नाही. माझं म्हणणं असं की दुपारी एक वाजता तो फवारा मारायला मिळाला असता तर त्याला प्लेऑफ खेळावाच लागला नसता, आणि दुपारी नाही मारायचा तर प्लेऑफलाही मारायला नको होता, निदान त्याने शिकलेलं तरी त्याच्या कामी आलं असतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

इथे कुणी रेफ्री किंवा ग्रीन्सवर काम करणारं असेल तर मला खरंच सांगा, अर्धे खेळाडू खेळून क्लबहाऊसमध्ये आणि ग्रीन एका फुटाने पळालंय अशा वेळी तुमच्याकडे काय करतात? दुपारचं रीडिंग घेऊन ते रेफ्रीला लेखी द्यायला मी सुरुवात केलीय, पण त्याचं पुढे काय करायचं हे कुठल्याच कागदावर नाही.