नवी बुलपप, उंच स्कोप आणि दहा यार्डाची गोची

शेवटी घेतलीच. घेऊ का नको, घेऊ का नको असं इतके महिने चाललं होतं की क्लबातले लोक पण "अरे घे नाहीतर विषय बंद कर" म्हणायला लागले होते. तर आता लेस्टरच्या आमच्या घरात पॉइंट १७७ म्हणजे साडेचार मिलीमीटरची एक बुलपप पीसीपी एअर रायफल आली आहे, तुर्की बनावटीची, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक, आणि खरं सांगायचं तर त्या लाकडावरच मी निम्मा भाळलो. स्वीडनच्या एफएक्स कंपनीची सुद्धा हातात घेऊन बघितली होती, अफलातून आहे, पण किंमत ऐकून मुकाट्याने परत काउंटरवर ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या रायफलमध्ये ट्रिगर मागे आणि सगळी मशिनरी त्याच्या पुढे. बुलपपमध्ये ट्रिगर पुढे सरकवलेला असतो आणि ब्रीच (छर्रा नळीत शिरतो ती जागा), हॅमर (हवेचा व्हॉल्व ठोकून उघडणारा तुकडा), मॅगझिन सगळं तुमच्या गालाखाली, बटमध्ये. नळी तेवढीच लांब राहते पण बंदूक आखूड होते. माझी पाऊण मीटरची आहे, जुनी मीटरभर होती. झाडीत झोपून, गुडघ्यावर बसून मारायचं असलं की हा फरक जाम जाणवतो. पीसीपी म्हणजे हवा आधीच सिलिंडरमध्ये दाबून भरलेली, स्प्रिंग नाही, त्यामुळे धक्का जवळजवळ शून्य.

घरी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे स्वप्नील कुसाळेसारखी का?" २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ मारल्यापासून कोल्हापूरकडच्या आमच्या सगळ्या नातेवाईकांना रायफल म्हटलं की तोच आठवतो, आणि बरोबरच आहे. पण त्याची काडतुसाची, पॉइंट २२ ची. आमच्यात दारूगोळा काही नाही, नुसती हवा आणि शिशाचा छर्रा. मग आई म्हणाली, "हां, जत्रेतली फुगे फोडायची." म्हटलं हो, तीच, फक्त हिची नळी सरळ आहे.

कायद्याचं आधी उरकतो कारण हे सगळे विचारतात. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडपर्यंतच्या (हे छर्र्याच्या ऊर्जेचं माप) एअर रायफलला लायसन्स लागत नाही, विकत घ्यायला वय १८ पूर्ण पाहिजे, आणि दुकानदाराकडून प्रत्यक्ष समोरासमोर ताब्यात घ्यावी लागते, कुरियरने दारात येत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरपासून सर्टिफिकेट लागतं, तिकडचे मित्र वाचत असतील तर लक्षात ठेवा. १२ फूट-पाउंड म्हणजे सव्वासोळा ज्यूल. गंमत म्हणजे भारतात २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये साडेचार मिलीमीटरला २० ज्यूलपर्यंत सूट आहे, म्हणजे आपल्याकडची मर्यादा इथल्यापेक्षा जरा सैलच. पण इथे १२ च्या वर गेलात तर ती थेट फायरआर्म धरली जाते आणि सर्टिफिकेट नसेल तर नुसती घरात ठेवणं हाच गुन्हा. त्यामुळे क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा स्पीड मोजायचं यंत्र, ही हौस नाही, गरज आहे. त्यावर येतोच.

बॉक्समधून काढल्यावर आधी नळी साफ केली. कारखान्यातलं तेल नळीत असतंच, कापडाचे तुकडे ओढत राहायचं, काळे निघायचे थांबेपर्यंत. आणि एक गोष्ट कानात घालून ठेवा, हवा भरायच्या बाजूला घरातलं शिलाई मशीनचं तेल बिल लावू नका. जास्त दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं तेल भडकू शकतं. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना, सिलिकॉन ग्रीसच, आणि ते पण बोटाला लागेल न लागेल इतकंच.

हवेसाठी माझ्याकडे ३०० बारची (बार हे दाबाचं माप) डायव्हिंगची बाटली आहे, पाणबुड्यांच्या दुकानातून भरून आणतो. हातपंपाने पण भरता येते, चाळिशीनंतर ज्यांना अजून जिमला जायची लाज वाटते त्यांनी तो मार्ग घ्यावा. व्हॉल्व मात्र हळू उघडायचा, अगदी हळू, काटा रांगत वर चढला पाहिजे. फटकन उघडला की आत हवा तापते, आणि गार झाल्यावर प्रेशर खाली उतरून बसतं.

आता क्रोनोग्राफ. माझ्या बंदुकीत रेग्युलेटर नाही. रेग्युलेटर असला की तो दर वेळेला सारखाच दाब पुढे सोडतो, नसला की सिलिंडरमध्ये जे असेल ते थेट व्हॉल्ववर. मॅन्युअलमध्ये लिहिलंय २०० बार भरा. भरलं, मारत गेलो, आकडे वहीत लिहीत गेलो. २०० बारला ७४८ फूट प्रति सेकंद. मारेल तसा स्पीड कमी व्हायला पाहिजे ना, पण वाढत गेला! १६० च्या आसपास ७८२, आणि मग परत उतरत १०५ ला ७५० च्या खाली. कारण असं की दाब फार असला की तोच दाब व्हॉल्वला मागून दाबून धरतो, हॅमरचा ठोका त्याला पुरेसा उघडू शकत नाही, हवा कमी सुटते. दाब उतरला की व्हॉल्व जास्त वेळ उघडा राहतो. पुढे दाबच कमी पडतो. म्हणजे आलेख टेकडीसारखा, आणि आपल्याला पाहिजे तो टेकडीचा माथा.

म्हणून मी २०० भरतच नाही. १८० ला थांबतो आणि १२० ला परत भरतो. तेवढ्यात १४ छर्र्यांची तीन-चार मॅगझिन निघतात आणि स्पीडमधला फरक पंधरा फुटांच्या आत राहतो. ज्यांच्याकडे रेग्युलेटर नाही त्यांनी हा उद्योग एक दुपार खर्च करून कराच, बंदुकीवरचा काटा काय म्हणतो त्यावर विसंबू नका, माझा काटा आणि बाटलीचा काटा यांचंच आपसात पटत नाही.

पॉवरचं गणित सोपं आहे. स्पीडचा वर्ग गुणिले छर्र्याचं वजन ग्रेनमध्ये, भागिले ४५०२४०. ८.४४ ग्रेनचा छर्रा ७८२ ला म्हणजे साडेअकरा फूट-पाउंडच्या आसपास, बरं आहे. याच छर्र्याला ८०० म्हणजे १२ ची रेषा. पण पीसीपीत जड छर्रा घातला की पॉवर वाढते, स्प्रिंगवाल्यांमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं. त्यामुळे १०.३४ ग्रेनचा जड छर्रा घालूनही तपासलं, त्याला ७२२ च्या वर जाता कामा नये. नाही गेला, जीव भांड्यात पडला.

आता खरी कटकट. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण.

बुलपपमध्ये गाल थेट अॅक्शनच्या, म्हणजे सगळ्या मशिनरीच्या, वर टेकतो, म्हणजे डोळा नळीपासून आपोआप वर जातो, म्हणजे स्कोपला उंच माउंट, म्हणजे त्याला बंदुकीवर धरणाऱ्या कड्या, लागतात. माझ्या जुन्या रायफलला स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून पावणेदोन इंच वर होता. इथे तीन इंच. आता वाटेल सव्वा इंचाने काय होतंय. मलाही दुकानात कोणी सांगितलं नाही, सगळे आपले ग्रुप, म्हणजे एका जागी मारलेल्या छर्र्यांचा पुंजका, दाखवतात तीस यार्डाचे.

झीरो, म्हणजे स्कोपचा क्रॉस आणि छर्रा जुळतात ते अंतर, तीस यार्डाला केला. पंचवीस ते तीसमध्ये छर्रा जिथे क्रॉस तिथेच, एकदम झकास, पाच छर्रे पाच पेन्सच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. मग टार्गेट दहा यार्डावर आणलं. जुनी रायफल दहा यार्डाला अर्ध्या इंचाहून कमी खाली मारायची, डोळे झाकून सांभाळून घ्यायचो. ही सव्वा इंच खाली! आठ यार्डाला दीड इंचाच्या पुढे. छर्रा नळीतून निघतो तोच मुळी नजरेच्या रेषेच्या तीन इंच खालून, त्याला वर चढून नजरेपर्यंत यायला वेळ लागणार, आणि दहा यार्डात तो अजून रस्त्यातच असतो.

हंटर फील्ड टार्गेट, म्हणजे मैदानात ठेवलेल्या भोकवाल्या पत्र्यांवर नेम मारायची स्पर्धा, खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. त्यात टार्गेटं आठ ते पंचेचाळीस यार्डांमध्ये कुठेही असतात, अंतर सांगत नाहीत, आणि कोर्स सुरू झाल्यावर स्कोपच्या नॉबला हात लावायचा नाही. सगळं रेटिकलवरच्या, म्हणजे स्कोपमधल्या रेघांवरच्या, डॉटवर. सर्वात छोटं भोक १५ मिलीमीटरचं. भोकातून मारून पत्रा पडला तर २ पॉइंट, नुसता पत्र्यावर टण्ण वाजला तर १, बाकी शून्य. माझ्या मिलडॉट स्कोपला १० पॉवरवर दहा यार्डाला साडेतीन डॉट खालचा धरावा लागतो, आणि आठ यार्डाला तर डॉट संपून खालची जाड दांडीच सुरू होते. म्हणजे एवढ्याशा भोकावर एवढी जाड दांडी ठेवून मारायचं. पंचेचाळीस यार्डाला मात्र एका डॉटच्या आत काम होतं. लांबचं सोपं आणि जवळचं अवघड, असला उलटा कारभार.

त्यामुळे बुलपप घेणाऱ्याला माझं एकच सांगणं, तीस यार्डाचे ग्रुप नंतर काढा, आधी आठपासून पंधरापर्यंत एकेक यार्डाने कागदावर मारून खूण करत या. तिथे दर यार्डाला फरक पडतो. वीस ते चाळीसमध्ये फारसं काही घडत नाही. मी छोटा तक्ता करून स्टॉकच्या डाव्या बाजूला चिकटवलाय, बायको म्हणते लाकूड एवढं कौतुकाचं आणि त्यावर चिकटपट्टी.

स्कोप सरळ बसवणं हा दुसरा भाग. भिंतीवर ओळंबा लटकवला, गवंड्याचा असतो तोच, बंदूक स्टँडवर लेव्हलला ठेवली आणि उभी रेघ दोरीशी जुळवली. रिंगचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, दोन्हीकडची फट सारखी राहील असे. बंदूक नुसती ५ अंश उजवीकडे कलली तर पंचेचाळीस यार्डाला छर्रा अर्धा इंच उजवीकडे जातो, आणि जवळच्या टार्गेटला उलट डावीकडे, कारण नळी स्कोपखाली डावीकडे सरकलेली असते. आखूड बंदूक हातात पटकन कलते पण. दोनशे रुपयांत मिळावा असा बबल लेव्हल इथे पंधरा पाउंडला विकतात, तरी घेतला.

अजून एक. स्कोपमधून टार्गेट स्वच्छ दिसतं म्हणून नळी पण मोकळी आहे असं समजू नका. ओंडक्यावर हात टेकवून मारताना स्कोप ओंडक्याच्या वरून बघतो आणि नळीचं तोंड तीन इंच खाली सालीकडे रोखलेलं असतं. क्लबमधल्या एका ओंडक्याला बुलपपवाल्यांनी पाडलेल्या खाचा आहेत, ओळखू येतात.

मारायला कशी वाटते? वजन मागे, खांद्याजवळ, त्यामुळे उभं राहून मारताना डावा हात थकत नाही, पण पुढे वजन नसल्यामुळे नळी जरा नाचते. हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग, मला बसून आणि झोपूनच आवडली. ट्रिगर पुढे आणि हॅमर सोडणारा सियर मागे, मध्ये लांब दांडी, त्यामुळे ट्रिगर जुन्या रायफलइतका कुरकुरीत नाही, थोडा रबरी. दुसरा टप्पा कुठे लागतो ते बोटाला समजायला वेळ लागतो. हॅमरचा "टिंग" थेट कानाशी वाजतो, मागे उभ्या माणसाला तो ऐकूही येत नाही. आणि लिव्हर एकदा ओढून छर्रा आत ढकलला की मारल्याशिवाय परत ओढायची नाही, बऱ्याच मॅगझिनवाल्यांत दुसरा छर्रा पहिल्याच्या मागे जाऊन बसतो. गप्पा मारत मारायची सवय असेल तर ती इथे सोडा.

छर्रे झेक प्रजासत्ताकातल्या जेएसबीचे ८.४४ आणि जर्मन एच अँड एनचे ८.६४ ग्रेनचे असे दोन्ही मारून बघितले. हिला जेएसबी मानवले, ४.५२ मिलीमीटर डोक्याचे. दुसऱ्या कोणाच्या त्याच मॉडेलला वेगळे मानवतील, नळीचं असंच असतं, मोठा डबा घ्यायच्या आधी थोडे थोडे मागून बघा.

मागच्या अंगणात पण मारता येते, कायद्याने फक्त छर्रा आपल्या हद्दीबाहेर जाता कामा नये, त्यामुळे जाड लाकडी फळी आणि पुढे पुट्टी भरलेला लोखंडी डबा ठेवलाय. बंदुकीपेक्षा डब्याचा आवाज जास्त येतो. शेजारच्या आजोबांना आधीच जाऊन सांगून आलो होतो, ते दुसऱ्या दिवशी स्वतःची जुनी स्प्रिंगवाली बर्मिंगहॅमची बीएसए घेऊन कुंपणाशी हजर. त्यांनी माझी हातात घेतली, उलटीपालटी केली, गालाला लावली आणि विचारलं, बाकीची अर्धी कुठे आहे.

पुढच्या महिन्यात क्लबचा कोर्स आहे, तेव्हा आठ यार्डाचं त्या जाड दांडीने काय होतं ते कळेलच. एक जण म्हणतोय झीरो अलीकडे आण, दुसरा म्हणतोय माउंट जरा खाली घे आणि गाल दाबून बस. माउंट आधी बदलून बघणार आहे, पाव इंच जरी खाली आला तरी अर्धा-पाऊण डॉट वाचेल. त्याचे आकडे आले की टाकतो.