बेडूक अखेर चालला: बॅटलटोड्सचा हँग सुटला

काल रात्री पावणेदोन वाजता ‘बॅटलटोड्स’ या निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्रावरच्या खेळातल्या रॅश नावाच्या बेडकाने पहिल्या डुकराला तो अवाढव्य बूट हाणला, डुक्कर पडद्याबाहेर उडालं आणि खेळ पुढे चालत राहिला! ‘चालत राहिला’ म्हणजे काय, हे मागचे अपडेट वाचणाऱ्यांना सांगायला नको. सात आठवडे माझ्या इम्युलेटरवर (एनईएसची नक्कल करणारा, मी लिहीत असलेला प्रोग्राम) बॅटलटोड्सचं टायटल यायचं, खलनायिका डार्क क्वीनची बडबड व्हायची, पहिली लेव्हल राग्नारॉक्स कॅनियन उघडायची आणि दोन-चार फ्रेममध्ये सगळं जागीच गोठायचं.

ट्रेस लॉगमध्ये (सीपीयूने चालवलेल्या प्रत्येक आदेशाची नोंद) शेवटी तेच दोन आदेश हजारो वेळा: $२००२ हा पत्ता वाचा; सहावा बिट शून्य असेल तर मागे उडी. म्हणजे स्प्राइट झीरो हिटची वाट पाहणं (पहिल्या स्प्राइटचा, म्हणजे हलत्या चित्राचा, भरीव पिक्सेल पार्श्वभूमीच्या भरीव पिक्सेलवर आला की हा बिट १ होतो), आणि तो हिट कधी होतच नाही. एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून मी स्प्राइट झीरोचा कोड तीनदा नव्याने लिहिला. तिन्ही वेळा फळ शून्य, कारण चोर त्या घरात नव्हताच.

सुगावा लागला तो गोठलेल्या चित्रातूनच. फ्रेम आठपट मोठी करून पाहिली, तर रॅशच्या काळ्या चष्म्याची एक टाइल (चित्राचा छोटा चौकोनी तुकडा) त्याच्या पायाजवळ आणि डोक्याच्या जागी मोकळा चौकोन. आधी मी स्प्राइटच्या टेबलात शोधत बसलो. पण टेबल ठीक होतं, टाइलच भलत्या पत्त्यावर लिहिल्या जात होत्या.

इथे या खेळाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कार्ट्रिजवर चित्रांची रॉम (कायमची मेमरी) नाहीच, ८ केबी सीएचआर रॅम (टाइलची, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी मेमरी) आहे. बूट फुगतो, मूठ डोक्याएवढी होते, शिंगं उगवतात. ही सगळी रेखाटनं एका वेळी तिथे मावत नाहीत, म्हणून खेळ चालता चालता नव्या टाइल भरत राहतो. व्हीब्लँकमध्ये, म्हणजे दोन फ्रेममधल्या मोकळ्या वेळात, सीपीयूला जेमतेम २,२७३ सायकल (घड्याळाचे ठोके) मिळतात, त्यात हे काम उरकत नाही. मग खेळ बनवणाऱ्या रेअर कंपनीच्या लोकांनी काय केलं, तर फ्रेम सुरू झाल्यावरही वरच्या काही ओळी रेंडरिंग (चित्र काढणं) बंदच ठेवलं आणि तेवढ्या वेळात उरलेल्या टाइल भरल्या. १९९१ साली, त्या यंत्रावर! पडद्याच्या वरची काळी पट्टी दिसते ना, ती हीच. बेडकाचं ते कार्टूनपण या पट्टीच्या जिवावर उभं आहे, आणि हे कळल्यापासून मला तो खेळ दुप्पट आवडायला लागलाय.

माझा पीपीयू (पडद्यावर चित्र काढणारी चिप) मात्र प्रत्येक दृश्य ओळीच्या २५६व्या डॉटला (डॉट म्हणजे पीपीयूचा एक ठोका) v रजिस्टर, म्हणजे आतला पत्ता, पुढे सरकवत होता. रेंडरिंग चालू आहे का, हे विचारतच नव्हता. v हाच स्क्रोलचा पत्ता आणि $२००७ मधून लिहायचा पत्ताही तोच. भरणं चालू असताना मधेच पत्ता सरकला की पुढच्या टाइल भलतीकडे. स्प्राइट झीरोची टाइल रिकामी राहिली, पार्श्वभूमीशी टेकायला एक भरीव पिक्सेलही उरला नाही, हिट नाही, खेळ ठप्प. दुरुस्ती एका अटीची. २५७व्या डॉटला v मध्ये आडवा स्क्रोल कॉपी होतो, त्यालाही तीच अट लावली.

इथेच अपडेट संपायला हवा होता. पण दीड मिनिटाने पुन्हा हँग. कधी डुकरांपाशी, कधी वॉकर या चालत्या यंत्रशत्रूचा पाय उपटून हातात घेतल्यावर. दर वेळी वेगळी जागा.

इथे मेसेन या दुसऱ्या इम्युलेटरच्या डीबगरला मनापासून दाद द्यायची आहे. त्याचा ट्रेस एकीकडे, माझा दुसरीकडे, आणि मधला फरक. रजिस्टरं तंतोतंत जुळत होती, सायकल मात्र हळूहळू मागे पडत होत्या. कुठे? ब्रँचवर, म्हणजे अट पाहून उडी मारणाऱ्या आदेशावर. ब्रँच घेतली की एक सायकल जास्त आणि पेज (पत्त्यांचा २५६ बाइटचा गट) ओलांडलं तर आणखी एक. पेज ओलांडलं की नाही, हे मी ब्रँचच्या स्वतःच्या पत्त्यावरून ठरवत होतो. ते त्याच्या पुढच्या आदेशाच्या पत्त्यावरून ठरवायला हवं. एका सायकलची चूक म्हणजे पीपीयूचे तीन डॉट. इतर खेळांना त्याचं काही वाटत नव्हतं. बॅटलटोड्स रेंडरिंग नेमक्या क्षणी सुरू करतो, त्यामुळे त्याला ते खपलं नाही.

नेसटेस्ट ही सीपीयूची चाचणी मी मार्चमध्येच ‘पास’ म्हणून लिहिलं होतं. तेव्हा फक्त रजिस्टरं ताडली होती, सायकलचा रकाना वगळला होता. नव्याने सुरू करणाऱ्यांनो, तो रकाना पहिल्या दिवसापासून ताडा. ब्लार्ग या प्रोग्रामरने इम्युलेटरांसाठी लिहिलेल्या ब्रँच टायमिंगच्या तिन्ही चाचण्या आता पास आहेत, स्प्राइट हिटच्या अकराच्या अकरा पास आहेत. त्या हिरव्या ओळींचा फोटो काढून ठेवलाय.

कार्ट्रिजबद्दल थोडक्यात. पहिलं ज्या विक्रेत्याकडून घेतलं ते नकली निघालं, डंपचा (कार्ट्रिजमधून उतरवलेल्या प्रतीचा) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळेना, पैसेही परत मिळाले नाहीत. दुसरं अस्सल आहे. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या आणि तीन डंप सारखे आले. विकत घेण्याआधी आतल्या बोर्डाचा फोटो मागाच. देत नसेल तर सोडून द्या.

पुढचं काम एमएमसी३ (काही कार्ट्रिजमधली जादा चिप) असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की माझा सीपीयू अजूनही अख्खा आदेश संपवतो आणि मग पीपीयू धावत त्याला गाठतो. एमएमसी३चा आयआरक्यू (सीपीयूला मधेच थांबवणारा इशारा) ओळी मोजतो, तिथे हे पुन्हा नडणार. तेव्हा आधी प्रत्येक वाचन-लेखनागणिक पीपीयू तीन डॉट पुढे न्यायचा, एमएमसी३ त्यानंतर.

खेळ पॉझ केल्यावर वाजणारा ठेका अगदी बरोबर वाजतोय. तो ऐकायला मी काल उगाच दहा वेळा पॉझ केलं.

दोन खेळाडूंनी चाचणी करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: अमेरिकन कार्ट्रिजवर अकराव्या लेव्हलला, क्लिंगर विंगरमध्ये, दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर चालत नाही. ती चूक मूळ खेळातलीच आहे, तुमच्या कोडमध्ये शोधू नका.

मी स्वतः तिथवर पोचायला वेळ आहे. काल दुसऱ्या लेव्हलला, वुकी होलमध्ये, दोरीवरून उतरलो, कावळ्यांनी दोर तोडला नाही, आणि तिसऱ्या लेव्हलच्या, टर्बो टनेलच्या, भिंतींवर सगळी कंटिन्यू संपली. दर वेळी पहिल्या डुकरापासून सुरुवात करून तिसरी लेव्हल तपासणं परवडणारं नाही. म्हणजे सगळ्यात आधी सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ आहे त्या क्षणी जतन करून तिथूनच पुन्हा सुरू करण्याची सोय. आज रात्री तेच.