गोवा सोडून पुढे... मंगलोर

आमच्याकडे कोकण रेल्वेचं तिकीट काढलं की ते रत्नागिरी, कुडाळ, फार तर मडगाव इथपर्यंतच असतं. पुढे गाडी कुठे जाते याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. मत्स्यगंधाच्या डब्यांवर मंगलोर सेंट्रल लिहिलेलं लहानपणापासून वाचत आलेय, पण तिथे उतरून करायचं काय, असंच वाटायचं. मंगलोर म्हणजे धर्मस्थळला नाहीतर कुक्के सुब्रमण्यला जाणाऱ्यांनी गाडी बदलायची जागा, एवढंच डोक्यात. या डिसेंबरात गोव्याच्या हॉटेलांचे भाव बघून नवरा म्हणाला मरू दे गोवा, गाडी जाते तिथपर्यंत जाऊ. सोबत आईला घेतलं. आईचं माहेर मालवणजवळ, त्यामुळे मासा आणि वाटण या दोन विषयांत तिच्यासमोर कोणी तोंड उघडायचं नाही असा आमच्या घरचा नियम आहे.

दुपारी मुंबईच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) निघालो, गोवा झोपेतच गेलं, आणि उडुपीच्या पुढे मुल्कीच्या आसपास उजाडलं. खिडकीतून बघते तर नदी, तिच्या दोन्ही काठांना माडच माड, मध्येच एक होडी, भाताची कापून झालेली शेतं, कौलारू घरं. आई म्हणाली हे तर आपलंच गाव, पाट्या फक्त वेगळ्या. (कोकण रेल्वे खरं म्हणजे मंगलोरच्या जरा अलीकडे ठोकूरला संपते, पुढचा तुकडा दक्षिण रेल्वेच्या हद्दीत येतो, पण गाडीत बसलेल्याला काय फरक पडतो!)

आईचं ते वाक्य पूर्ण ट्रिपभर माझ्या डोक्यात होतं, कारण ते निम्मं खरं निघालं आणि निम्मं नाही.

पहिला धक्का नाश्त्याला. स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात बसलो, काउंटरवर अण्णा, पाठीमागे फिल्टर कॉफीचा वास, आणि सगळ्या टेबलांवर फुगलेल्या तपकिरी पुऱ्या. त्या पुऱ्या म्हणजे बन्स. पावाशी काही संबंध नाही. पिकलेली केळी कुस्करून त्यात मैदा, दही, थोडी साखर, जिरं घालून पीठ रात्रभर ठेवतात आणि सकाळी जाडसर लाटून तळतात. चव गोडसर, आणि ती खायची खोबऱ्याच्या चटणीबरोबर आणि सांबाराबरोबर! आई म्हणाली गोड पुरी आणि सांबार, हे काय भलतंच. मग एक तुकडा मोडला, मग दुसरा, मग तिने स्वतःच हात करून अजून एक प्लेट मागवली. घरी केळी काळी पडायला लागली की आपण शिकरण करतो नाहीतर टाकून देतो, इथे त्याचा नाश्ता होतो.

गोळीबजे तिथेच मिळाले. मैदा आणि दह्याचं आंबवलेलं पीठ, त्यात हिरवी मिरची, आलं, कढीपत्ता, खोबऱ्याचे बारीक तुकडे, आणि हाताने गोळे सोडून तळायचे. मुंबईच्या उडुपी हॉटेलांत मंगलोर भजी म्हणून हेच मिळतात पण तिथले बऱ्याचदा रबर असतात, हे बाहेरून कुरकुरीत आणि आत जाळीदार मऊ. संध्याकाळी चहाबरोबर खायचा पदार्थ आहे पण आम्ही सकाळीच हाणले.

आता फिरण्याबद्दल थोडं. मंगलोर हे टुरिस्टांसाठी सजवून ठेवलेलं गाव नाहीये हे आधीच सांगते. उंच टॉवर झालेत, रस्त्यांची कामं चालूच असतात, डिसेंबरातही दुपारी घामाने अंघोळ होते. प्रायव्हेट सिटी बसेस मात्र भन्नाट, कंडक्टर दारात लोंबकळून स्टॉपची नावं ओरडत असतो, आणि जवळपास प्रत्येक बस 'स्टेट बँक'ला जाते. आधी कळेना की सगळ्या गावाचं बँकेत काय काम आहे, मग कळलं की तो मुख्य बस स्टॉपच स्टेट बँक.

कद्रीचं मंजुनाथ मंदिर बघायला गेलो ते देऊळ म्हणून, पण तिथे आईला एकदम आपली माणसं भेटल्यासारखं झालं, कारण कद्री हे नाथपंथाचं मोठं ठिकाण. टेकडीवर जोगी मठ आहे. नाशिकचा सिंहस्थ झाला की त्र्यंबकेश्वरहून नाथ जोग्यांची झुंडी पायी निघते ती थेट या कद्रीला येते, आणि इथे मठाच्या नव्या राजाचा पट्टाभिषेक होतो. दर बारा वर्षांनी. त्र्यंबक ते मंगलोर चालत! आणि आम्ही थ्री एसीत पाठ धरली म्हणून कुरकुरत आलो होतो. देवळात लोकेश्वराची एक कांस्यमूर्ती आहे, तिच्यावर सन ९६८ चा लेख आहे. इतकी सुंदर मूर्ती, आणि आमच्या आधी आलेला ग्रुप देवाला हात जोडून तिच्याकडे न बघताच निघून गेला. मागच्या चढावर पाण्याची कुंडं आहेत, तिथे बरं वाटतं.

सेंट अलॉयसियस कॉलेजचं चॅपल नवऱ्याच्या आग्रहाने बघितलं, मी नाखुशीनेच आत शिरले आणि मान वर करून बसले ती बसलेच. भिंती, छत, कमानी, एक इंच मोकळा नाही. अंतोनियो मोस्केनी नावाचा इटालियन जेझुइट ब्रदर (म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाचा साधू) होता, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला ही सगळी चित्रं काढली. इथल्या दमट हवेत, पावसाळे काढत, छताला तोंड करून! बाहेर आल्यावर आईचा पहिला प्रश्न, त्याला जेवायला कोण घालत असेल गं?

जेवणावरून आठवलं, मेन मुद्दा राहिलाच. बंदरावर, म्हणजे जुन्या बंदराच्या भागात, मासे उतरवायचा धक्का आहे. सकाळी तिथे नुसतं उभं राहिलं तरी नजर ठरत नाही, ट्रॉलर लागलेले, बर्फाचे ढीग, टोपल्याच्या टोपल्या बांगडे, लिलावाची आरडाओरड. त्याच भागात छोट्या खानावळी आहेत. आम्ही गेलो तिथे मेन्यू कार्ड वगैरे नाही, पोरगा मसाला लावलेल्या माशांचं ताटच घेऊन टेबलाशी येतो, बोट दाखवायचं. सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी, आणि काणे. काणे म्हणजे आपले मुडदुशे, पण इथे त्यांना जो मान आहे तो आपल्याकडे सुरमईलाही नाही. तव्यावर लाल मसाल्यात भाजून आले, काटा अलगद सुटून आला, आई पाच मिनिटं काही बोलली नाही. हे आमच्या घरी फार क्वचित होतं.

मग बोलायला लागली ती थांबेना. तिचं म्हणणं असं, की मासा तोच, नारळ तोच, उकडा भातही तोच (इथला जरा लालसर आणि जाड), पण वाटण बदललं की सगळंच बदलतं. आपण मालवणी मसाला घालतो त्यात गरम मसाल्याचे पदार्थ भरपूर आणि रंग-तिखट सगळं एकत्र. इथे सगळा भर ब्याडगी मिरचीवर. रंग लालभडक, बघून घाम फुटावा, पण तोंडात घातलं तर तिखट बेताचं. सोबत धणे, थोडी मेथी, ओलं खोबरं. आणि आंबटाला कोकमाऐवजी बऱ्याचदा चिंच. तिथेच बांगड्याची पुळीमुंची खाल्ली, नुसती चिंच आणि मिरची, दाट, नारळाचा पत्ता नाही. माडांच्या गावात नारळाशिवाय कालवण, आईला ते पचायला वेळ लागला. म्हणजे चवीने नाही, तत्त्वाने. "नारळ महागला असेल" हा तिचा निष्कर्ष.

नीर डोसा बघून मात्र ती खूश. भिजवलेले तांदूळ अगदी पाण्यासारखे पातळ वाटायचे, आंबवायचं नाही, तव्यावर पसरवायचं नाही, नुसतं ओतायचं आणि झाकण ठेवायचं. हे आपले घावनेच की! फक्त इथला अजून पातळ आणि पांढराशुभ्र, चौघडी घालून रुमालासारखा ताटात येतो. सोबत कोंबडीची गश्शी, म्हणजे नारळाचा रस्सा, नाहीतर गूळ-खोबरं. मी दोन्ही घेतलं.

आणि कोरी रोट्टी. हे घरी करून बघितल्याशिवाय मी राहणार नाहीये. तांदळाची कागदासारखी पातळ, कडक, कोरडी रोटी, ती ताटात मोडून टाकायची आणि वरून कोंबडीचा पातळ नारळाचा रस्सा ओतायचा. खरी मजा टायमिंगची आहे, लगेच खाल्लं तर कडाकडा वाजतं, जास्त थांबलं तर लापशी, मधला एक मिनिटभराचा काळ असतो तेव्हा काही तुकडे भिजलेले आणि काही अजून कुरकुरीत, तो गाठायचा. शेजारच्या टेबलावरचे काका एका हाताने रोट्टी मोडत आणि दुसऱ्या हाताने रस्सा वाढून घेत असे काही जेवत होते की मी त्यांचं बघूनच शिकले. चिकन घी रोस्टही खाल्लं, तो मूळचा उत्तरेकडच्या कुंदापूरचा, आता सगळीकडे मिळतो. चांगला आहे, पण तूप इतकं की दुपार झोपेतच गेली. माझं मत विचाराल तर रोट्टी आधी.

संध्याकाळी सुलतान बत्तेरी. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये बांधलेला काळ्या दगडाचा टेहळणी बुरूज, गुरुपूर नदीतून लढाऊ जहाजं आत येऊ नयेत म्हणून. बुरूज छोटासा आहे, पाच मिनिटांत बघून होतो, आणि फक्त तेवढ्यासाठी आलात तर चिडाल. पण त्याच्या पायथ्याशी होडी मिळते, पलीकडे तण्णीरबावीला जाणारी, आणि त्यासाठी नक्की या. नदी इथे समुद्राच्या अगदी जवळ येऊनही लगेच मिळत नाही, किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहत जाते आणि जुन्या बंदरापाशी नेत्रावतीबरोबर समुद्राला मिळते, त्यामुळे मध्ये जमिनीची लांब चिंचोळी पट्टी उरते. होडीतून उतरलं की माडांतून आणि घरांच्या कडेने थोडं चालायचं, आणि झाडी संपली की समोर एकदम अख्खा समुद्र. पाठीमागे नदी, पुढे समुद्र, क्षितिजावर बंदरात शिरायची वाट बघत थांबलेली जहाजं. पणंबूरचा बीच जास्त फेमस आहे, तिथे उंट, पतंग, भेळ, गर्दी सगळं आहे, ज्यांना आवडतं त्यांनी तिथे जावं. आम्ही तण्णीरबावीला सूर्य बुडेपर्यंत बसलो, कणीस खाल्लं, आणि परतीच्या होडीत एक बाई मोगऱ्याचे गजरे घेऊन होती, आईने दोन घेतले.

नाताळ जवळ होता त्यामुळे बेकऱ्यांत कुस्वार आलेलं होतं. मंगलोरच्या ख्रिश्चनांचा नाताळचा फराळ. बघितलं तर काय, करंज्या, चकल्या, चिरोट्यांच्या जवळपासचं काहीतरी, शंखपाळ्यांच्या नात्यातल्या शिंपल्यांच्या आकाराच्या किडियो. इथल्या कॅथलिकांचे पूर्वज बरेचसे गोव्याहून आलेले, घरी कोंकणी बोलतात. काउंटरवरची आजी कोंकणीत आणि आई मालवणीत, दोघींनी तिळाचं सारण किती भाजायचं यावर इतका वेळ घातला की मागे रांग लागली. नवरा बाहेर जाऊन उभा राहिला.

आईस्क्रीमशिवाय मंगलोर पुरं होत नाही. आयडियल नावाचं दुकान आहे, १९७५ पासूनचं, तिथे गडबड मागवायचं. उंच ग्लासात तीन प्रकारची आईस्क्रीम, जेली, फळं, काजू, लांब चमचा. ऐकायला लग्नातल्या डेझर्ट काउंटरसारखं वाटतं पण चव चांगली जमवतात. गडबड आधी उडुपीत झालं की मंगलोरात यावर दोन गावांत भांडण आहे, आपण त्यात पडू नये. जुहूला १९८४ मध्ये नॅचरल्स सुरू करणारे रघुनंदन कामतही याच दक्षिण कन्नड जिल्ह्यातले. मुंबईने यांच्याकडून इडली घेतली, फिश फ्राय घेतला, आईस्क्रीम घेतलं, आणि आपण यांच्या गावाला गाडी बदलायला जातो.

हो, आणि कौलं! आईच्या माहेरच्या घरावर मंगलोरी कौलं होती, उलटी केली की आत कंपनीचं नाव उमटलेलं दिसायचं. ती कौलं इथलीच. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये इथे कौलांचा कारखाना काढला, नद्यांच्या काठची चिकणमाती हाताशी होतीच, आणि जहाजांतून ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पोचली. आता खुद्द मंगलोरात स्लॅबच जास्त दिसतात. आईला कौलारू घर दिसलं की ती रिक्षा हळू घ्यायला सांगायची, रिक्षावाल्याला वाटायचं उतरायचंय.

कोणी जाणार असेल तर जून-जुलै टाळा, तेव्हा ट्रॉलरना बंदी असते आणि पाऊसही वेडा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. कोरी रोट्टीची पाकिटं बाजारात सहज मिळतात, ती मात्र बर्थखालच्या बॅगेत कोंबू नका, पार चुरा होतो. आमचा झालाय. आई म्हणते बिघडलं कुठे, नाहीतरी मोडायचीच असते.