ओंटारिओत बोट चालवायची तर कार्ड हवंच

उन्हाळ्यात मुलांकडे टोरोंटोला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मित्राच्या कॉटेजवर बोट आहे, जरा चालवली तर चालेल ना?" कार्ड असेल तर चालेल. १५ सप्टेंबर २००९ पासून कॅनडात मोटर बसवलेली हौशी बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे बोट चालवता येत असल्याचा पुरावा असावा लागतो, आणि बहुतेकांकडे तो पीसीओसी म्हणजे 'प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड' या हौशी बोटचालकाच्या कार्डाच्या रूपात असतो. छोटी विजेवरची मोटर लावलेली होडीसुद्धा यातून सुटत नाही. शेजारी कार्डवाले यजमान बसलेत, ही सबब चालत नाही. सुकाणू ज्याच्या हातात, कार्डही त्याचंच हवं, नाहीतर २५० डॉलर दंड.

कार्ड मिळवणं अवघड नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडा या सरकारी वाहतूक खात्याने मान्य केलेल्या संस्थेचा ऑनलाइन कोर्स करायचा. धडे भराभर पुढे ढकलता येत नाहीत, तीन तास तरी जातातच. मग ५० प्रश्नांची परीक्षा, त्यातले ३८ बरोबर हवेत. एकदा मिळालेलं कार्ड आयुष्यभर चालतं.

मला खटकते ती भाड्याच्या बोटीची सवलत. कार्ड नसलं तरी बोट भाड्याने देणारा एक तपासणी यादी भरून घेतो, दोघांच्या सह्या होतात आणि तेवढ्या भाड्यापुरता तो कागद पुरावा ठरतो. म्हणजे जो पाण्यावर सर्वांत नवखा, त्यालाच सर्वांत कमी शिकवणी! लाँग वीकएंडला मागे रांग लागलेली असते, तेव्हा ही यादी वाचतो कोण? आपली बरीच कुटुंबं नेमकी याच वाटेने तळ्यात उतरतात. तेव्हा सही करण्याआधी दाखवून घ्या: इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला कशी अडकवायची, प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट आहे का, किमान १५ मीटरची तरंगती दोरी आणि किमान ७५० मिलिलिटरचं पाणी उपसायचं भांडं कुठे ठेवलंय, नकाशावर खडक कुठे आहेत. पेट्रोलचं इंजिन बोटीच्या आत असेल तर ते सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटं चालवायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो.

मुंबईत बोट चालवलेल्यांनी तर जास्तच जपावं, कारण इथे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, उलटे आहेत. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. इथे बंदरात शिरताना किंवा प्रवाहाविरुद्ध जाताना तो उजव्या हाताला, हिरवा डाव्या. बोयांच्या बाबतीत जगाचे दोन भाग आहेत: भारत एकात, अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स दुसऱ्यात. सवयीने चुकीच्या बाजूने गेलात तर ओंटारिओतल्या मस्कोकासारख्या खडकाळ तळ्यांच्या भागात पाण्याखाली वीतभर असलेला ग्रॅनाइट प्रोपेलर मोडतो.

कुणी १८ डिसेंबर २०२४ च्या घारापुरी लाँच दुर्घटनेचा दाखला देऊन "तुमच्या भारतात नियमच नाहीत" म्हणतं, तेव्हा मला ते पटत नाही. तिथे प्रवासी लाँचला धडकलेली स्पीडबोट नौदलाची होती, तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. हौशी चालकांच्या कार्डाशी त्याचा काय संबंध? वर्सोव्याचा तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा नाखवा, उधाण आणि वारा जसा ओळखतो, तसा तीन तासांच्या कोर्सने कुणी ओळखणार नाही. पण तांडेलाचं पाणी कोमट असतं, इथलं नसतं. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी तळ्याचं पाणी १५ अंशांच्या खाली असू शकतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिला मिनिट श्वास आवरण्यात जातो, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणून पट्टीचे पोहणारेही बुडतात, तेही काठाजवळ. मोठ्यांसाठी लाइफजॅकेट बोटीत असलं की कायद्याचं समाधान होतं. माझं होत नाही. धक्क्यावरच अंगात घाला.

काठापासून ३० मीटरच्या आत वेग ताशी १० किलोमीटरच्या वर नेऊ नका. आणि भाचा कितीही हट्टाला पेटला, तरी सोळा वर्षांखालच्या मुलाला जेट स्की चालवता येत नाही, मागे मोठं माणूस बसलं असलं तरीही नाही.