मथळ्याचा कर्ता कोण?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात काय किंवा रावपुऱ्यात काय, मराठी घरांतही सकाळी बहुधा गुजराती छापुंच, म्हणजे वर्तमानपत्रच येतं. त्यामुळे त्यातले काही शब्द आपण मराठी न करता तसेच गिळतो. 'विधर्मी युवक', 'चोक्कस कोम' (म्हणजे 'विशिष्ट समाज'), 'परप्रांतीय'. यातला 'विधर्मी' जरा थांबून बघा. कुणाच्या धर्माहून वेगळा? हा शब्द छापला की वाचणारा कोण आहे, हेही डेस्कने, म्हणजे बातमी संपादित करून मथळा देणाऱ्या टेबलाने, परस्पर ठरवून टाकलेलं असतं. 'परप्रांतीय' वाचताना तर गायकवाडांच्या काळापासून इथे असलेल्या मराठी माणसानेही क्षणभर चपापायला हवं. तसं होत नाही, ही गंमत.

भडक बातमी म्हणजे खोटी बातमी, असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा तसं नसतं. सुटी वाक्यं पोलीस ठाण्याच्या नोंदीत सापडतात. खोट असते ती मथळ्यात आणि जोडणीत. एक काल्पनिक नमुना घेऊ. मांडवीजवळ रात्री 9 वाजता स्कूटर लावण्यावरून दोन शेजाऱ्यांची मारामारी झाली. दोघे जखमी, दोघांच्याही एकमेकांविरुद्ध फिर्यादी. सरळ मथळा: 'पार्किंगवरून मारामारी, दोघे जखमी'.

आता डेस्कवर पहिला हात फिरतो: 'पार्किंगच्या वादात युवकावर हल्ला'. दोन फिर्यादींतली एक गेली, जखमी एकच उरला. दुसरा हात: 'विधर्मी युवकाचा हल्ला'. भांडणाचं कारण गेलं, त्या जागी धर्म आला. तिसरा हात: 'मांडवीत विधर्मी टोळक्याचा हैदोस'. एकाचं टोळकं झालं, गल्लीचा अख्खा भाग झाला. खाली मजकुरात चौथ्या परिच्छेदात पार्किंग, दोन्ही फिर्यादी, सगळं व्यवस्थित असतं. म्हणूनच वार्ताहराला जाब विचारून उपयोग नसतो. त्याने फोनवर दिलेली बातमी बरोबर होती. मथळा त्याने लिहिलेला नसतो. तो रात्री पान सोडायच्या घाईत, चार-पाच शब्दांच्या जागेत बसवला जातो, आणि जागा कमी पडली की आधी उडतो तो 'फिर्यादीनुसार' हा शब्द.

ही कला जुनी आहे. अमेरिकेतल्या टल्सा शहरात 31 मे 1921 रोजी दुपारी 'टल्सा ट्रिब्यून'ने पहिल्या पानावर एक छोटी बातमी छापली. लिफ्ट चालवणाऱ्या गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याबद्दल डिक रोलंड नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला पकडलं, एवढाच विषय. पण आत काय काय भरलं होतं? त्याने तिचे हात आणि चेहरा ओरबाडला, कपडे फाडले. त्याचं टोपणनावही दिलं, म्हणजे तो सराईत वाटावा. शिवाय ती मुलगी अनाथ असून शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी नोकरी करते. या शेवटच्या माहितीचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही. ती वाचणाऱ्याच्या पोटात कालवाकालव करायला आहे. संध्याकाळपर्यंत कोर्टासमोर जमाव. दुसऱ्या दिवशी ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती जळून गेली, सुमारे 35 ब्लॉक (चार रस्त्यांमधले घरांचे गट), हजाराच्या वर घरं. मृतांचा सरकारी आकडा 36. अभ्यासक 100 ते 300 धरतात. रोलंडवरचा आरोप सप्टेंबरमध्ये मागे घेतला गेला.

आग एकट्या बातमीने लावली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वर्णद्वेष, हेवा, हातातल्या बंदुका हे सगळं आधीपासून होतं. बातमीने त्याला वेळ आणि ठिकाण दिलं. 1906 च्या अटलांटात तर हे आणखी उघड दिसतं. गव्हर्नरपदासाठी भिडलेल्या दोघांपैकी एक एका दैनिकाचा माजी मालक, दुसरा प्रतिस्पर्धी दैनिकाचा संपादक. कृष्णवर्णीयांविरुद्ध जास्त कडक कोण, यावरच त्यांची चढाओढ. 22 सप्टेंबरला दुपारपासून तिथल्या सायंदैनिकांनी कथित हल्ल्यांचे एकामागून एक जादा अंक काढले. गुजरातीत याला 'वधारो' म्हणतात. रात्री दंगल पेटली.

आपल्याकडची 2002 ची गुजरात दंगल वेगळी सांगायला नको. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेच्या पथकाने त्या वर्षीच्या अहवालात मोठ्या गुजराती दैनिकांच्या भडकपणावर बोट ठेवलं होतं. त्यात अपहृत स्त्रियांच्या विटंबना केलेल्या मृतदेहांची एक बातमी होती. पोलिसांनी शोध घेतला, काहीच सापडलं नाही. 2018 मध्ये उत्तर गुजरातेत हिंमतनगरजवळ 14 महिन्यांच्या मुलीवर अत्याचार झाला, आरोपी बिहारचा निघाला, आणि उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा काम बहुतेक मोबाइलनेच केलं. पण 'एकाने केलं' पासून 'ते असेच' पर्यंतची उडी तीच, तिसऱ्या हाताची.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. वृत्तपत्रांच्या वर्तनावर नजर ठेवणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत हे स्पष्ट लिहिलंय: मथळा प्रक्षोभक नसावा, खालच्या मजकुराने त्याला आधार द्यावा, आणि मथळ्यात आरोप असेल तर तो कुणाचा हे सांगावं, निदान अवतरणचिन्हं तरी द्यावीत. मात्र कौन्सिलचा अधिकार छापील अंकापुरता. वाहिन्या आणि संकेतस्थळं त्यात येत नाहीत. तक्रार करायची तर आधी संपादकाला पत्र. ते स्पीड पोस्टाने धाडा, पोचपावती ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दिल्लीला कौन्सिलकडे. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत छापल्यापासून 2 महिने, इतर नियतकालिकांसाठी 4. सोबत कात्रण, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, गुजराती किंवा मराठी बातमीचं इंग्रजी भाषांतर, आणि या विषयावर कोर्टात खटला चालू नसल्याचं लेखी.

तक्रारी गळतात त्या याच ठिकाणी. संपादकाला लिहिलेलंच नसतं. नाहीतर पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, ज्यात तारीख कापली गेलीय. किंवा वडोदरा आवृत्तीची बातमी आणि जोडलं अहमदाबादचं पान. शहर पुरवण्या वेगळ्या असतात हे लक्षातच येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पत्र एका मथळ्याबद्दल न राहता 'हा पेपर नेहमीच असा' यावर घसरतं. एक बातमी, एक मथळा, मजकुरातलं त्याला खोडणारं वाक्य पेनाने अधोरेखित, बस्स.

हाती काय लागतं? 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम 14 खाली कौन्सिल ताकीद देऊ शकतं, ठपका ठेवू शकतं. दंड नाही, तुरुंग नाही. पुष्कळ जण इथेच नाक मुरडतात. फौजदारी मार्ग आहेच: भारतीय न्याय संहितेचं कलम 196, जुनं 153-अ, समूहांत वैर पसरवण्याबद्दल 3 वर्षांपर्यंत शिक्षा. पण संपादकावर गुन्हा नोंदवला की तो उद्याच्या अंकात हुतात्मा होतो आणि मूळ मथळा पुन्हा एकदा छापून येतो. म्हणून माझा कौल कौन्सिलकडे.

आणि अख्खं पान जपा, नुसतं कात्रण नको. मथळा कितव्या पानावर होता, त्याच्या शेजारी काय लावलं होतं, हे कात्रणातून कळत नाही. पस्तीवाला (रद्दीवाला) महिन्याला येतो, मुदत दोन महिन्यांची असते, तेवढं बघून पान बाजूला काढायचं. टल्साच्या त्या अंकाची मायक्रोफिल्म नंतर अभ्यासकांनी उघडली, तेव्हा पहिल्या पानावर बातमीच्या जागी भोक होतं. फिल्म काढायच्या आधीच कुणीतरी ती फाडून नेली होती. मजकूर टिकला तो दुसऱ्या आवृत्तीत. त्याच अंकाच्या संपादकीय पानाचाही एक तुकडा फाडलेला आहे. तिथे काय छापलं होतं यावर अजून वाद चालू आहे.