ईटीपीवरचा माणूस कोणाला विचारतो?

इचलकरंजीत आण्णांनी आणि काकांनी चार जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रांवर, प्रोसेस सुरू केली, तेव्हा सांडपाण्याचा विषय गटारापाशी संपायचा. आज कुठल्या पार्टीचा माल चालू आहे, हे मागच्या नाल्याच्या रंगावरून कळायचं. आम्ही पोरं त्यावर हसायचो. २०१२ साली गावात काविळीची साथ आली. ती मैलापाण्यानं आली, रंगाच्या पाण्यानं नव्हे. पण पंचगंगेकडे बघताना तेव्हापासून हसू येईना.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अटीपोटी कर्ज काढून ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, बांधला. इक्वलायझेशन टाकी, क्लॅरिफायर, एअरेशन, फिल्टर प्रेस, सगळं रीतसर. तरी बाहेर पडणारं पाणी कधी नितळ, कधी चहासारखं. सल्लागार बदलले, केमिकल बदललं. फरक शून्य.

दोष सापडला तो हिशेबात. माझी चुलतबहीण सीए आहे. लॉगबुकात ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, चोवीस तास चालू, पण ईटीपीच्या सबमीटरचे, म्हणजे वेगळ्या वीजमीटरचे, आकडे दर महिनाअखेरीला एकदम खाली, हे तिनं दाखवलं. महिनाअखेर म्हणजे डिस्पॅचची घाई. कापड रंगवायची सगळी जेट मशीन एकदम लागली की विजेची मागणी मंजूर भाराच्या वर जाते आणि दंड बसतो. मग बंद काय करायचं? ज्यातून कापड निघत नाही ते. हवा तुटली की टाकीतले घाण खाणारे जिवाणू मरतात, आणि ती टाकी पुन्हा वळणावर यायला आठवडे लागतात. तोवर पुढची महिनाअखेर येते.

ऑपरेटरला मी चिडून विचारलं. तो म्हणाला, "मालक, माझी हजेरी मॅनेजरसाहेब लावत्यात. त्यांनी ब्लोअर बंद कर म्हटल्यावर मी कुणाला विचारायचं?" मॅनेजरला दोष द्यावा, तर त्याचा बोनस मीटरवर, म्हणजे कापडाच्या मीटरवर. आणि तो ठरवला होता आम्हीच.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक आम्ही घरचे तिघं. बैठका व्हायच्या त्या कागदावर: मसुदा यायचा, जेवण झाल्यावर सह्या व्हायच्या. एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्यांना संचालक म्हणून घ्यायचं म्हटलं, तर काका उखडले. "घरच्या कारभारात परका कशाला?" या वादात चार महिने गेले. शेवटी त्या अभियंत्यांनीच काकांसमोर १९७४ च्या जल कायद्याचं ४७ वं कलम वाचलं. कंपनीकडून गुन्हा झाला तर कारभार पाहणारा जबाबदार; आणि संचालकाची संमती किंवा हयगय सिद्ध झाली तर तोही सुटत नाही. काका म्हणाले, "मग सही करायच्या आधी बघायला पाहिजे की."

त्यानंतर ऑपरेटरची हजेरी बहिणीकडे गेली. आउटलेटचं पाणी बिघडलं तर जेट थांबवायचा अधिकार त्याला लेखी दिला. पहिल्यांदा त्यानं तो वापरला त्या रात्री मॅनेजरनं मला दोनदा फोन केला. मी मशीन चालू करायला सांगितलं नाही, पण झोपही लागली नाही. मॅनेजरच्या बोनसमध्ये आता सबमीटरही मोजला जातो.

२०२२-२३ पासून सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. किती पाणी घेतलं, किती सोडलं, कोणती प्रक्रिया करून, हे त्यात सांगावं लागतं. त्यामुळे आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाची प्रश्नावली आमच्यापर्यंत आली. आकडे तयार होते, दोन दिवसांत भरून दिली. त्याच आठवड्यात त्यांच्या खरेदी विभागानं जॉबचा दर कमी करायला सांगितलं. त्यांच्या संचालक मंडळात पाणी आणि दर या बहुतेक दोन वेगळ्या खुर्च्या असाव्यात.

मिठाचा प्रश्न अजून तसाच आहे. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं आणि विरघळलेलं मीठ आमच्या ईटीपीत निघत नाही. त्याला आरओ आणि पुढे बाष्पीभवन हवं, म्हणजे पुन्हा कर्ज. तो ठराव दोनदा पुढे ढकलला आहे. दोन्ही वेळचं कारण इतिवृत्तात लिहिलंय, खाली माझी सही आहे.