तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी नभोनाट्यं दहा मिनिटांत बंद करावीशी का वाटतात?

‘अमेरिकेतल्या जुन्या नभोनाट्यांबद्दल खूप ऐकलं होतं, म्हणून एक लावलं. नुसती खरखर, मागे सतत घूं घूं, आणि माणसं चिरक्या आवाजात भराभरा बोलतायत. दहा मिनिटांत बंद केलं. ही नाटकं शिळी झालीत, की माझेच कान तयार नाहीत?’ वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न नेहमी येतो. दोष नाटकाचाही नसतो आणि कानांचाही नसतो. बहुतेक वेळा हाती आलेली प्रत वाईट असते, आणि वाईट प्रत ओळखता येते. काही वेळा ती घरच्या घरी सुधारताही येते.

त्यासाठी ही प्रत कुठून कुठून फिरून आली ते आधी समजून घ्या. १९३० आणि १९४० च्या दशकांत नाटक स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होई. ते उतरून घेतलं जाई १६ इंची तबकडीवर. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. युद्धकाळात ॲल्युमिनियमचा तुटवडा पडला तेव्हा काचेच्या चकत्या वापरल्या गेल्या, आणि काच सहज फुटते. पुढे संग्राहकांनी तबकडीवरून ध्वनिफितीवर, त्या फितीवरून दुसऱ्या फितीवर, मग सीडीवर आणि शेवटी एमपीथ्रीवर हे सगळं उतरवलं. दर टप्प्याने आपला डाग मागे ठेवला. कुठला डाग निघतो आणि कुठला नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

न निघणारा डाग आधी सांगतो. एका सीडीत शेकडो भाग कोंबता यावेत म्हणून पुष्कळ नाटकं ३२ केबीपीएस (सेकंदाला ३२ किलोबिट) किंवा त्याहून कमी दराने दाबली गेली. अशा प्रतीत ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात, ऑर्गनचा सूर थरथरतो. तीच फाइल १२८ वर पुन्हा साठवली तर आकार वाढेल, गेलेला आवाज परत येणार नाही. ती सोडून द्या आणि दुसरी प्रत शोधा. इंटरनेट आर्काइव्हवर ओल्ड टाइम रेडिओ रिसर्चर्स या गटाने तारखा तपासून लावलेले संच आहेत, सुरुवात तिथून करा. एकाच भागाच्या तीन-चार प्रती मिळाल्या तर प्रत्येकीचं एकच मिनिट ऐका आणि ‘स’ ज्यात स्वच्छ आहे ती ठेवा, मग तिच्यात खरखर जास्त असली तरी चालेल. खरखरीखालचं बोलणं कानाला थोड्या वेळात सापडतं. दाबून नाहीशी झालेली अक्षरं कधीच सापडत नाहीत.

आता चिरका आवाज. तो वेगाचा दोष आहे, आणि माझ्या मते नाटक मारणारा सर्वांत मोठा दोष हाच. फितीचं यंत्र पाच टक्के जरी वेगळ्या गतीने चाललं, तरी पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकते आणि पन्नाशीचा फौजदार विशीतला पोरगा वाटू लागतो. नेटवर्कचा, म्हणजे अनेक केंद्रांवरून एकाच वेळी जाणारा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम साधारण साडेएकोणतीस मिनिटांचा असे. फाइल २८ मिनिटांची निघाली तर संशय घ्या. पण नुसत्या लांबीवर निकाल देऊ नका. सैनिकांसाठीच्या एएफआरएस (आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस) या अमेरिकी सेवेच्या तबकड्यांतून जाहिराती काढून टाकलेल्या असत, त्यामुळे त्यांची लांबी मुळातच वेगळी असते.

खरी खूण त्या घूं घूंमध्येच आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिची गुणगुण मुद्रणात शिरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, कोणी बोलत नाही असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडा, ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (किती हर्ट्झला किती आवाज, याचा आलेख) काढा आणि आकार ६५५३६ ठेवा. ४४१०० हर्ट्झच्या फाइलीत एवढ्या आकाराला दीड सेकंद तरी आवाज लागतो. टोक ६३ वर दिसलं, तर प्रत पाच टक्के वेगाने पळते आहे. ६० भागिले ६३, म्हणजे ०.९५२ हा गुणक ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये भरा. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, त्याने गती बदलते पण पट्टी होती तिथेच राहते.

इथे एक फसगत होते. गुणगुण कोणत्या टप्प्यावर शिरली ते महत्त्वाचं. वेग बिघडण्याआधी शिरली असेल तर ती सरकलेली दिसते, नंतर शिरली असेल तर बरोबर ६० वर बसलेली असते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. म्हणून ६० च्या जोडीला ५७ किंवा ६३ वर दुसरं टोक दिसलं, तर सरकलेल्या टोकावर विश्वास ठेवा. ६० वर काहीच दिसत नसेल तर १२० च्या आसपास पाहा, तिथली गुणगुण बऱ्याचदा अधिक ठळक असते. एनबीसी या नेटवर्कचा कार्यक्रम असेल आणि शेवटची तीन ठोक्यांची घंटा कापलेली नसेल तर काम आणखी सोपं होतं. तिचे स्वर ठरलेले आहेत: सुमारे १९६, ३३० आणि २६२ हर्ट्झ. तंबोऱ्यावर गळा लावावा तशी त्या घंटेवर प्रत लावता येते.

सफाईला वेग दुरुस्त केल्यानंतरच हात घाला, आणि मूळ फाइल कायम वेगळी ठेवा. फाइल स्टीरिओ असेल तर दोन्ही बाजू एकत्र करण्याआधी सुट्या करून ऐका. नाटक मोनोच्या, म्हणजे एकाच वाहिनीच्या ध्वनिमुद्रणाच्या जमान्यातलं, त्यामुळे दोन्हीकडे आवाज एकच. पण फीत वाचणारं यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल तर मिसळल्यावर वरचे स्वर एकमेकांना खातात. चांगली बाजू ठेवा, दुसरी टाकून द्या.

मग टकटक, मग गुणगुण, आणि शेवटी सळसळ, हा क्रम पाळा. टकटक काढणारा फिल्टर सबंध फाइलीवर फिरवू नका. पिस्तुलाचा बार, चाबूक, टाइपरायटर हे त्याला ओरखडेच वाटतात. सळसळ कमी करताना नमुना म्हणून फक्त सळसळ असलेला अर्धा-एक सेकंद घ्या आणि कपात ६ ते ९ डेसिबलवर थांबवा. २० च्या पुढे गेलात की शांतता काळीठिक्कर पडते आणि प्रत्येक वाक्य त्या खड्ड्यातून उडी मारून वर आल्यासारखं ऐकू येतं. साधारण पंधराव्या मिनिटाला आवाजाचा पोत बदलला तर दचकू नका, तिथे तबकडीची बाजू बदलली आहे. दोन्ही भागांना नमुना वेगवेगळा घ्या. ५००० हर्ट्झच्या वर काही नाही म्हणून आवाज ताणून ‘उजळ’ही करू नका. नेटवर्कचे कार्यक्रम ज्या टेलिफोन तारांवरून गावोगाव जात, त्या साधारण तेवढंच वाहून नेत. वर उरलेली असते ती बहुतेक सळसळच.

बोलणं वेगळं काढून देणारी नवी स्वयंचलित साधनं मात्र या कामाला लावू नका, असं मी कळकळीने सांगेन. त्यांच्या लेखी माणसाच्या आवाजाखेरीज सारं कचरा असतं. ‘गनस्मोक’ ही वेस्टर्न मालिका (सीबीएस नेटवर्क, १९५२ ते १९६१) घ्या. विल्यम कॉनरॅडचा मार्शल बोलायचा थांबतो आणि लाकडी फळ्यांवर बूट वाजतात, दूर कुत्रं भुंकतं, दार करकरतं. गाव उभं राहतं ते त्या आवाजांतून. ते पुसले की उरतात चार माणसांचे संवाद.

ऐकताना अंतराकडे कान द्या. त्या काळच्या आरसीए ४४ सारख्या रिबन मायक्रोफोनला पुढून आणि मागून ऐकू येई, बाजूंनी जवळपास नाही. दोन नट समोरासमोर उभे राहत. खोलीबाहेर जाणारं पात्र बोलता बोलता बाजूला सरके आणि त्याचा आवाज आपोआप दूर जाई. भुसभुशीत बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नस्टार्चची दाबलेली पिशवी, आग म्हणजे चुरगळलेला सेलोफेन.

पहिल्यांदा काय लावाल? ‘सस्पेन्स’ या मालिकेतलं ‘सॉरी, राँग नंबर’, २५ मे १९४३ चं. अंथरुणाला खिळलेली बाई आणि एक टेलिफोन, ॲग्नेस मूरहेडचा आवाज सारा भार पेलतो. प्रत थोडी खराब असली तरी हे नाटक तरून जातं. मग ‘एस्केप’मधलं ‘थ्री स्केलेटन की’. ‘क्वाएट, प्लीज’ सुरुवातीला नको. लेखन अप्रतिम, पण टिकलेल्या बऱ्याच प्रती फार वाईट आहेत, आणि ती मालिका जवळजवळ कुजबुजीवर चालते.

१९३८ च्या ३० ऑक्टोबरचं ऑर्सन वेल्सचं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीचं नाटकही लगेच नको. ते खोट्या बातम्यांवर उभं आहे, आणि खऱ्या बातम्या कशा वाजत ते माहीत नसेल तर नुसता गोंगाट वाटेल. आधी वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्राचं २१ सप्टेंबर १९३९ चं पूर्ण दिवसाचं ध्वनिमुद्रण घ्या. सकाळी सहापासून मध्यरात्रीनंतरपर्यंत जे प्रक्षेपित झालं ते सगळं त्यात आहे: बातम्या, साबणाच्या जाहिराती, मालिका, नाचगाणी. दोन-तीन तास काम करता करता चालू ठेवा. संगीत मध्येच तोडून निवेदक कसा येतो, तो कानात बसू द्या. मग एका रात्री दिवे मालवून, मध्ये न थांबता, वेल्सचा तो एक तास ऐका.